शाळेतला संगणकाचा तास : बंगळुरूचे उदाहरण

विषयाची व्याप्ती

शालेय संगणकशिक्षणात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली शिकवल्या जातात. पहिली वापराचे कौशल्य : फाइल जतन करणे, मजकूर टंकित करणे, तक्ता तयार करणे, माहिती शोधणे. दुसरी संगणकीय विचार : समस्येचे लहान भाग पाडणे, अनावश्यक तपशील बाजूला ठेवणे आणि उत्तराकडे नेणाऱ्या निःसंदिग्ध पायऱ्यांचा क्रम, म्हणजे अल्गोरिदम, मांडणे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांच्या २००६ मधील निबंधानंतर ही संकल्पना शालेय चर्चेत रूढ झाली. तिसरी इंटरनेटवरील वर्तन : पासवर्ड, खासगीपणा, खोटी माहिती, फसवणूक. तिन्हींना लागणारा वेळ, साधने आणि शिक्षकाची तयारी वेगवेगळी आहे. बहुतेक शाळांत प्रत्यक्षात पहिलीच गोष्ट शिकवली जाते. त्याचे कारण अभ्यासक्रमापेक्षा या विषयाच्या इतिहासात अधिक सापडते, आणि तो इतिहास तपासायला सॉफ्टवेअरची राजधानी म्हणवणाऱ्या बंगळुरूइतके सोयीचे दुसरे शहर नाही.

इयत्ता आणि इमारत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सहावी ते आठवी हा एक सलग टप्पा आहे आणि कोडिंगशी संबंधित उपक्रम याच टप्प्यात सुरू व्हावेत असे धोरण सांगते. कर्नाटकातील शाळांची जुनी रचना मात्र वेगळी आहे. तेथे सातवीपर्यंत प्राथमिक शाळा आणि आठवीपासून दहावीपर्यंत हायस्कूल अशी विभागणी आहे. केंद्राची 'आयसीटी ॲट स्कूल' योजना डिसेंबर २००४ मध्ये आली ती माध्यमिक शाळांसाठी. त्यामुळे संगणकांची खोली हायस्कूलमध्ये उभी राहिली आणि सहावी-सातवीची मुले दुसऱ्या इमारतीत, बहुधा संगणकाविना राहिली. कागदावर तीन वर्षांचा असलेला टप्पा असा दोन शाळांत तुटतो. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेच्या संगणकविषयक भागात सहावी ते बारावीच्या शाळा धरल्या जातात. तिच्यात संगणक प्रयोगशाळेसाठी एकदाच ६.४० लाख रुपयांपर्यंत आणि पुढे पाच वर्षे दरसाल २.४० लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे.

१९८४ ची सुरुवात

भारतीय शाळांत संगणक आणण्याचा पहिला देशव्यापी प्रयत्न म्हणजे १९८४ चा 'क्लास' प्रकल्प. सुरुवातीला सुमारे २५० शाळांना ब्रिटनमधील 'बीबीसी मायक्रो' ही यंत्रे देण्यात आली. हे यंत्र ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवरील संगणकसाक्षरता मोहिमेसाठी तयार झाले होते. ते सुरू करताच पडद्यावर बेसिक भाषेची ओळ उघडत असे. वापरणाऱ्याला आज्ञा लिहिण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता, म्हणून त्या पिढीचे संगणकशिक्षण आपोआप प्रोग्रॅमिंगचे शिक्षण ठरले. पुढे चित्ररूप पडदे आणि तयार कार्यालयीन सॉफ्टवेअर आले तेव्हा अध्यापनही त्या सॉफ्टवेअरच्या मेनूंकडे वळले. नोकरीच्या अटींनी हे वळण पक्के केले. महाराष्ट्रात एमकेसीएलची स्थापना २००१ मध्ये झाली आणि तिचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम घरोघरी पोहोचला. कर्नाटकाने २०१२ च्या नियमांनी सरकारी कर्मचाऱ्यांसाठी संगणकसाक्षरता परीक्षा आणली. प्रौढांच्या या प्रमाणपत्रांची छाया शाळेच्या अभ्यासक्रमावर पडली. संगणक शिकणे म्हणजे पत्र टंकित करणे आणि स्लाइड बनवणे, हा समज तिथूनच पक्का झाला.

माहिती सिंधू

कर्नाटक सरकारचा 'माहिती सिंधू' प्रकल्प २००१-०२ मध्ये सुमारे १,००० सरकारी हायस्कुलांत सुरू झाला. यंत्रे बसवणे, त्यांची देखभाल आणि शिकवणारा माणूस पुरवणे ही कामे खासगी संस्थांकडे सोपवण्यात आली. पुढील योजनांमध्येही हाच साचा राहिला : कंत्राटदाराने उभारावे, काही वर्षे चालवावे आणि मुदत संपल्यावर शाळेच्या ताब्यात द्यावे. प्रशासनाच्या दृष्टीने यात सोय होती. खरेदी, दुरुस्ती आणि नेमणूक यांचा भार शिक्षण खात्यावर येत नव्हता.

या व्यवस्थेचा दोष तिच्या रचनेतच होता. बाहेरून आलेला निदेशक शाळेच्या शिक्षकवर्गाचा भाग नव्हता. त्याचे वेतन अल्प असे, तो मुलांच्या इतर विषयांबद्दल अनभिज्ञ असे आणि मुख्याध्यापकाला उत्तरदायी नसे. गणिताच्या शिक्षिकेच्या मते संगणकाची खोली 'कंपनीची' होती, तिथे जाण्याचे तिला कारणच नव्हते. कंत्राट संपले की निदेशक गेला, आणि उरली ती जुनी होत चाललेली यंत्रे आणि कुलूप. शाळेला संगणक मिळाले, पण संगणकशिक्षण शाळेचे झाले नाही. बंगळुरूच्या दोन दशकांच्या अनुभवातील सर्वांत महत्त्वाचा धडा हा आहे, आणि यंत्रांच्या किमतीवर चाललेल्या चर्चेत तोच सहसा हरवतो.

संगणकाद्वारे इतर विषय

संगणकाचे शिक्षण आणि संगणकाद्वारे इतर विषयांचे शिक्षण या दोन बाबी धोरणांत वारंवार मिसळल्या जातात. बंगळुरूस्थित अझीम प्रेमजी फाउंडेशनने आपल्या आरंभीच्या वर्षांत दुसऱ्या मार्गावर मोठा प्रयोग केला. कर्नाटकातील आणि इतर राज्यांतील प्राथमिक शाळांत संगणकसाहाय्यित अध्ययन केंद्रे चालवली आणि अनेक भारतीय भाषांत गणित, विज्ञान, भाषा यांच्या सीडी तयार केल्या. मुलांना शाळेची ओढ लागली, परंतु आकलनात अपेक्षित खोल बदल झाला नाही. संस्थेने नंतर आपला भर शिक्षक-प्रशिक्षणाकडे वळवला आणि संस्थेच्याच अनुराग बेहार यांनी २०१० मध्ये या मर्यादांवर जाहीर लेखनही केले. स्वतःच्या मोठ्या प्रकल्पाविषयी इतक्या सरळपणे लिहिणारी संस्था विरळाच.

आजचे रूप 'दीक्षा' या राष्ट्रीय मंचाचे आहे. तो २०१७ मध्ये सुरू झाला आणि त्याचा तांत्रिक पाया बंगळुरूच्या एकस्टेप फाउंडेशनने विकसित केलेल्या 'सनबर्ड' या मुक्त प्रणालीवर आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की त्या पाठाचा व्हिडिओ उघडतो. विषय समजण्यास याची मदत होते, पण व्हिडिओ पाहणारे मूल संगणकाविषयी काही शिकत नाही.

शिक्षकाच्या हाती

तिसरा मार्ग शिक्षकापासून सुरू होतो. बंगळुरूतील 'आयटी फॉर चेंज' या संस्थेने राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण विभागाबरोबर २०११ च्या सुमारास विषय-शिक्षक मंच उभारले. सरकारी हायस्कुलांतील गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांना जिल्हा प्रशिक्षण संस्थांत मुक्त सॉफ्टवेअरवर काम करण्याचे शिक्षण मिळाले, ईमेल गटांतून त्यांचा परस्परसंवाद सुरू झाला. २०१३ मध्ये कर्नाटक मुक्त शैक्षणिक संसाधनांचे संकेतस्थळ आले, ज्यात शिक्षकच पाठ लिहितात आणि सुधारतात. संगणक वेगळा विषय म्हणून न येता जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमधील त्रिकोण किंवा नकाशावरील नदी म्हणून आला. या मार्गाने यंत्राची भीती जाते आणि प्रयोगशाळेचे कुलूप उघडते. त्याची मर्यादा इतकीच की अल्गोरिदम किंवा प्रोग्रॅमिंग यांना या रचनेत स्वतःची जागा मिळत नाही, कारण ते कोणत्याच विषयाच्या शिक्षकाच्या वाट्याला येत नाहीत.

शेजारच्या केरळने शाळेतला शिक्षक आणि विषयाची स्वतंत्र जागा हे दोन्ही धागे जोडले. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने शाळेच्याच शिक्षकांना प्रशिक्षण दिले, मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि पहिल्या दशकातच आयटी हा विषय दहावीच्या परीक्षेत आणला. परीक्षेत विषय असला की वेळापत्रकात तास राहतो, शिक्षकाला जबाबदारी मिळते आणि बिघडलेला संगणक दुरुस्त करवून घेण्याची निकड निर्माण होते. २०१७ मध्ये हा प्रकल्प 'काइट' या सरकारी कंपनीत रूपांतरित झाला आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' या विद्यार्थी-मंडळांमधून मुलेच शाळेतील यंत्रांची निगा राखू लागली. बंगळुरूकडे कंपन्या आणि अभियंते विपुल होते. केरळने मात्र बाहेरच्या माणसावर विसंबणे टाळले.

शिक्षकाविना शिकणे

मुलांना यंत्र मिळाले की ती आपसूक शिकतात, हा विचार अधूनमधून नव्या रूपात परततो. सुगत मित्र यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत बसवलेल्या संगणकाने त्याला प्रसिद्धी मिळाली. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याची आंतरराष्ट्रीय योजना केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नाकारली, तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्याच्या खैरात गावी तिचा भारतातील पहिला प्रयोग झाला. अशा प्रयोगांतून मुले माउस, चित्रे, खेळ आणि शोध फार लवकर आत्मसात करतात, हे निर्विवाद दिसते. चूक कुठे आहे हे शोधून काढणे, विदेची मांडणी करणे, एकाच उत्तराच्या दोन रीतींची तुलना करणे या गोष्टी मात्र मार्गदर्शनाशिवाय क्वचितच येतात. मोबाइलने हाच निष्कर्ष मोठ्या प्रमाणावर समोर आणला. ग्रामीण भारतातील 'असर २०२४' पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी मुले सुमारे ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के.

तासिकेचे गणित

२०१० च्या सुधारित केंद्रीय योजनेत एका शाळेला किमान १० संगणक धरले होते. वर्गाचा पट ६० असेल तर एका यंत्रापुढे ६ मुले येतात. ४० मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त ६ मिनिटे आली आणि वर्षात अशा ३० तासिका झाल्या, तर एका मुलाचा कीबोर्डवरील वर्षभराचा वेळ ३ तास भरतो. त्यातही वाटणी समान नसते. माउस ज्याच्या हाती असतो तो सहसा सोडत नाही, आणि तो बहुधा घरी यंत्र हाताळलेला मुलगा असतो. 'असर २०२३' मध्ये स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयोगटातील मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. म्हणून दोघा-दोघांच्या जोड्या करून ठरावीक वेळाने जागा बदलणे आणि उरलेल्या मुलांना कागदावरचे काम देणे, ही साधी व्यवस्था नव्या यंत्रांइतकीच परिणामकारक ठरते. देशपातळीवर यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या २०२४-२५ च्या आकडेवारीत संगणक असलेल्या शाळा सुमारे ६५ टक्के आहेत. एका शाळेत किती, आणि त्यांतील किती चालू, हे त्या टक्केवारीत दिसत नाही.

एक पाठ : स्प्रेडशीट

वर्षाच्या या तीन तासांत काय शिकवावे, याचा निर्णय करताना स्प्रेडशीटचा क्रम वरचा लागतो, कारण ती वापराचे कौशल्य आणि संगणकीय विचार यांच्या सीमेवर उभी आहे. कर्नाटकातील सरकारी शाळांत मध्यान्ह भोजन 'अक्षर दासोह' या नावाने दिले जाते. राष्ट्रीय निकषानुसार धान्याचे प्रमाण पहिली ते पाचवीसाठी माणशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम आहे. एका स्तंभात वर्ग, दुसऱ्यात त्या दिवसाची उपस्थिती आणि तिसऱ्यात लागणारे धान्य अशी मांडणी केली की पाठ तयार होतो.

बहुतेक मुले पहिल्यांदा गुणाकार हाताने करून उत्तर टंकित करतात. दुसऱ्या दिवशी उपस्थिती बदलली की सगळे पुन्हा करावे लागते, आणि सूत्राची गरज तिथे उघड होते. त्यानंतर सूत्रात १५० हा आकडा थेट लिहावा की वेगळ्या चौकटीत ठेवून तिचा निर्देश करावा, हा प्रश्न येतो. वेगळ्या चौकटीत ठेवल्यास निकष बदलला तर एकाच ठिकाणी दुरुस्ती पुरते. पण सूत्र खाली ओढताच तो निर्देशही खाली सरकतो आणि उत्तर शून्य येते. डॉलरच्या चिन्हाने निर्देश स्थिर करण्याची रीत या चुकीनंतर सांगितली तर ती लक्षात राहते, आधी सांगितली तर नियम म्हणून पाठ होते. चल, स्थिरांक आणि निर्देश या प्रोग्रॅमिंगच्या तीन मूलभूत कल्पना अशा प्रकारे एका भोजनाच्या हिशोबातून येतात. महिनाभराच्या नोंदी झाल्या की आलेख काढता येतो आणि कोणत्या वारी उपस्थिती घटते, हा प्रश्न मुलेच विचारू लागतात. या पाठाची मर्यादा विदेत असते. नोंदी खोट्या किंवा अपुऱ्या असतील तर आलेख तितकाच नीटनेटका दिसतो, आणि ही गोष्टसुद्धा शिकवण्याजोगीच आहे.

प्रोग्रॅमिंग

सहावी ते आठवीच्या वयासाठी प्रोग्रॅमिंगचा जुना आणि अजूनही उत्तम प्रवेशमार्ग म्हणजे १९६७ मध्ये तयार झालेली लोगो भाषा. तिच्या निर्मात्यांपैकी सेमूर पॅपर्ट यांनी ती भूमितीशी जोडली. पडद्यावरील कासवाला 'पुढे जा' आणि 'वळ' अशा आज्ञा देऊन रेषा काढल्या जातात. चौरसासाठी पुढे १००, उजवीकडे ९० अंश, असे चार वेळा. त्याच धर्तीवर समभुज त्रिकोण काढताना जवळजवळ प्रत्येक मूल ६० अंश वळवते आणि आकृती मिटत नाही. त्रिकोणाचा आतला कोन ६० असला तरी कासव बाहेरच्या कोनातून वळते, आणि तो १२० असतो. एकदा हे कळले की ३६० ला बाजूंच्या संख्येने भागण्याची युक्ती मुले स्वतः शोधतात, आणि बहुभुजाच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश असते हे आठवीच्या भूमितीतील विधान त्यांना करून पाहिलेले असते. पुढची पायरी म्हणजे तीच आकृती थोडी फिरवत पुन्हा पुन्हा काढणे. त्यातून रांगोळीसारखी नक्षी उमटते आणि आवर्तनाच्या आत आवर्तन ही संकल्पना येते.

एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेल्या 'स्क्रॅच'मध्ये आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे जोडावे लागतात. टंकलेखनाच्या चुका टळतात, त्यामुळे लक्ष तर्कावर राहते. ठोकळ्यांकडून लिखित भाषेकडे केव्हा वळावे याविषयी मतभेद आहेत. आयसीएसई शाळांत नववीपासून जावा येते, त्यामुळे आठवीत हे संक्रमण घाईने उरकले जाते. प्रोग्रॅमिंगचे बाजारमूल्य पालकांच्या मनात फार मोठे असते, बंगळुरूत तर विशेषच. मुलांना कोडिंग शिकवणारी मुंबईची 'व्हाइटहॅट ज्युनिअर' ही कंपनी स्थापनेनंतर दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, बंगळुरूच्या बायजूजने ३० कोटी डॉलरना घेतली. त्या काळातील जाहिरातींत आश्वासन नोकरीचे होते, बाह्यकोनाचे नव्हते.

संगणकाविना संगणकशास्त्र

अल्गोरिदमसाठी यंत्र अपरिहार्य नाही. न्यूझीलंडचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पत्ते, दोऱ्या आणि जमिनीवरील रेषा वापरून संगणकशास्त्र शिकवण्याची पद्धत विकसित केली. भारतात हे काम एसीएम इंडियाच्या 'सीएसपाठशाला' या उपक्रमातून २०१६ पासून चालते आणि २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेली 'बेब्रास' ही संगणकीय विचारांची स्पर्धा याच उपक्रमातून भारतीय शाळांत आली. तिच्यात प्रोग्रॅमिंगचे पूर्वज्ञान लागत नाही. त्याआधी आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर यांच्या मार्गदर्शनाखाली 'कम्प्युटर मस्ती' ही पुस्तकमाला तयार झाली होती. तिची मांडणी विशिष्ट सॉफ्टवेअरऐवजी विचारप्रक्रियेभोवती आहे.

बंगळुरूच्या मुलांसाठी नम्म मेट्रोचा नकाशा हे असेच तयार साधन आहे. जांभळी आणि हिरवी मार्गिका मॅजेस्टिक स्थानकात एकमेकींना छेदतात. नकाशावर स्थानकांमधील अंतरे प्रमाणात नसतात, रस्ते आणि तलाव गाळलेले असतात, तरी प्रवास बिनचूक होतो. आवश्यक तेवढेच ठेवून बाकी वगळणे म्हणजे अमूर्तीकरण. स्थानके बिंदू आणि रूळ रेषा मानल्या की कमीत कमी स्थानकांचा मार्ग शोधण्याचा प्रश्न कागदावर सोडवता येतो. कितीही चांगली असली तरी ही पद्धत यंत्राची पूर्ण जागा घेत नाही. कागदावरचा अल्गोरिदम चुकला तरी त्याचा भाव हुशार वाचक समजून घेतो, यंत्र घेत नाही.

लिपी आणि कीबोर्ड

बंगळुरूतील मराठी घरांतल्या मुलाला शाळेत कन्नड शिकावेच लागते, तसा राज्याचा २०१५ चा कायदा आहे. संगणकावर दोन लिपी म्हणजे दुप्पट श्रम, असा समज त्यामुळे होतो. वास्तविक १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर सर्व प्रमुख भारतीय लिपींतील समान वर्ण एकाच कळीवर आहेत. देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' दोन्ही इंग्रजी 'के'च्या कळीवर, हलन्त दोन्हींत 'डी'च्या जागी. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. एक लिपी बोटांत बसली की दुसरीसाठी केवळ भाषा बदलावी लागते. कर्नाटकात मात्र के. पी. राव यांच्या उच्चारानुसारी मांडणीवर आधारलेले 'नुडी' हे सॉफ्टवेअर अधिक रूढ आहे आणि मोबाइलवर रोमन अक्षरांतून टंकन सर्रास चालते, त्यामुळे इनस्क्रिप्टचा हा लाभ शाळांत क्वचितच घेतला जातो.

लिपीतून माहितीच्या सांकेतिक रूपाचा पाठही घेता येतो. 'क्षमा' हा शब्द वाचणाऱ्याला दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो क, हलन्त, ष, म आणि काना अशा पाच संकेतांनी साठवला जातो. पडद्यावरचे जोडाक्षर हे त्या संकेतांचे फाँटने केलेले चित्र आहे. फाँट बदलला किंवा नसला की हलन्त सुटा दिसतो, आणि साठवण व दर्शन यांतील भेद सहावीतल्या मुलालाही कळतो.

माध्यमाचा प्रश्न याहून अवघड आहे. कर्नाटकाचे पाठ्यपुस्तक मंडळ मराठीसह सात माध्यमांत पुस्तके काढते. बेळगाव, बिदर, कारवार भागांत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. संगणकविषयक साहित्य मात्र मुख्यतः इंग्रजी आणि कन्नडमध्ये तयार होते. महाराष्ट्रातील साहित्य सीमेपलीकडे सहज पोहोचते, पण त्यातील पाठ कर्नाटकाच्या पुस्तकांशी जुळत नाहीत.

मंडळांतील तफावत

एकाच शहरात तीन व्यवस्था शेजारीशेजारी चालतात. सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय दिला आणि २०२१ मध्ये सहावी ते आठवीसाठी कोडिंगचा छोटा कौशल्यपाठ आणला. आयसीएसई शाळांत सहावीपासून संगणकाचा नियमित तास असतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या मुख्य सहा विषयांत संगणक नाही, म्हणून तासिकांच्या ओढाताणीत त्याचा तास पहिला जातो. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, पण त्या निवडक शाळांपुरत्या आहेत.

सुरक्षित वापर

या वयातील मुले ओटीपी, क्यूआर कोड आणि गटांतले पुढे ढकललेले संदेश रोज पाहतात. 'करू नका' अशी यादी देण्याऐवजी यंत्रणा समजावली तर तिचा उपयोग अधिक होतो : पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. लांब पासवर्ड का टिकतो, हे संभाव्य जुळण्या मोजून दाखवता येते. केवळ चार अंक असतील तर १०,००० आणि आठ असतील तर १० कोटी. फसवणुकीची तक्रार नोंदवण्यासाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळता येणारी संमती लागते. शाळा स्वतः वापरत असलेली ॲप्स या कसोटीला किती उतरतात, हा प्रश्न पालकसभांत अजून फारसा विचारला जात नाही.

मूल्यमापन

लेखी परीक्षेत 'सीपीयूचे पूर्ण रूप लिहा' असे प्रश्न येतात तोवर वर्गात पूर्ण रूपेच शिकवली जातील. अधिक उचित रीत म्हणजे चुकलेला प्रोग्रॅम किंवा तक्ता देऊन दोष शोधायला सांगणे. यात पाठांतर चालत नाही आणि तपासणीही जलद होते. आठवीच्या मुलांची संगणक व माहिती साक्षरता मोजणारा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१३, २०१८ आणि २०२३ मध्ये झाला. २०१८ च्या अहवालाने उपकरणे पुरवल्याने प्रगत कौशल्ये आपोआप येत नाहीत असे स्पष्ट नोंदवले. भारत या अभ्यासात सहभागी नाही, त्यामुळे बंगळुरूची आठवी जगाच्या तुलनेत कुठे आहे याचे मोजमाप उपलब्ध नाही. ब्रिटनने या दिशेने पुरता फेरविचार केला. रॉयल सोसायटीच्या २०१२ च्या अहवालानंतर इंग्लंडमध्ये कार्यालयीन सॉफ्टवेअरकेंद्री विषय २०१४ मध्ये रद्द होऊन त्याजागी 'कम्प्युटिंग' आले. बीबीसी मायक्रोने जिथून सुरुवात केली होती, तिकडेच ते जवळपास परतले.

कृत्रिम बुद्धिमत्ता

२०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या अभ्यासक्रमात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार आणण्याचे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. सहावी ते आठवीत यातील शिकवण्याजोगा गाभा लहान आहे. साध्या प्रोग्रॅममध्ये नियम माणूस लिहितो, येथे यंत्र उदाहरणांवरून नियमाचा अंदाज बांधते. म्हणून उदाहरणे कमी किंवा एकांगी असतील तर अंदाज चुकतो. याचा पुरावा भाषेतून चांगला मिळतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'वाणी' हा प्रकल्प देशभरातील जिल्ह्यांतून बोलींचे ध्वनिमुद्रण गोळा करतो, कारण बोलीचे नमुनेच नसतील तर यंत्राला ती ऐकून लिहिता येत नाही. वर्गात हाच प्रयोग एका मोबाइलवर करता येतो. प्रमाण मराठीतील दहा वाक्ये आणि बेळगावकडच्या बोलीतील दहा वाक्ये आवाजी टंकनाला सांगावीत, किती शब्द चुकले ते स्प्रेडशीटमध्ये नोंदवावे आणि दोन्ही स्तंभांची सरासरी काढावी. कन्नड माध्यमाच्या वर्गात मैसूरची आणि धारवाडची कन्नड घेऊन हेच करता येते.